कडक भाकरीला बुरशी का येत नाही? सोलापुरातल्या एका सातवीच्या वर्गाचा शोध

हे प्रकरण पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आणि त्यांना विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. शास्त्रज्ञ एखाद्या प्रश्नाचा माग कसा काढतात हे पुस्तकात पायऱ्या पायऱ्यांनी दिलेलं असतं. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. प्रत्यक्षात त्या पायऱ्यांवरून वरखाली करावं लागतं, कधी पहिल्या पायरीवर परत यावं लागतं. आमच्या वर्गात ते कसं घडलं, ते जसंच्या तसं मांडते. शाळेचं आणि मुलांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. वर्गात अडतीस मुलं. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, शाळेत सगळे मराठी. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते. एका मुलीची आजी कडक भाकऱ्या करून विकते. ज्वारी मंगळवेढ्याकडची, आधणाच्या पाण्यात मळलेलं पीठ, थापून पापडासारखी पातळ केलेली भाकरी तव्यावर भाजून मग मंद आचेवर पार कडकडीत होईपर्यंत शेकायची. अशा भाकऱ्यांची चवड परगावी जाते आणि महिना महिना टिकते.

फेब्रुवारीत एकदा डबा खाताना एका मुलाने विचारलं, "बाई, आमच्या घरची भाकरी दोन दिवसांत खराब होते. हिच्या आजीची का होत नाही?"

वर्गातून भराभर उत्तरं आली. ज्वारीमुळे. मिठामुळे. जास्त भाजल्यामुळे बुरशी मरते म्हणून. पाणी नसतं म्हणून. आणि शेवटच्या बाकावरून, "आजीच्या हाताला गुण आहे म्हणून." मी पाचही उत्तरं फळ्यावर लिहिली, शेवटचंसुद्धा. त्याला कुणी हसलं नाही, कारण मीच म्हटलं की हेही तपासता येईल. दोन्ही प्रकारच्या भाकऱ्या एकाच हाताने करून घेतल्या आणि तरी फरक पडला, तर कारण हाताच्या गुणात नाही हे कळेल. तपासता येणाऱ्या अशा अंदाजाला विज्ञानात गृहीतक म्हणतात. ज्वारीचं गृहीतक मात्र मुलांनी जागीच बाद केलं. मऊ भाकरीही ज्वारीचीच असते.

खरं उत्तर साधारण काय असणार हे मला ठाऊक होतं. पाच मिनिटांत सांगून मोकळं होता आलं असतं. न सांगायचं ठरवलं, आणि या सगळ्या प्रकरणातला तो माझा पहिला निर्णय. तो बरोबर होता असं आजही वाटतं. त्यानंतर मी जी घाई केली ती मात्र नडली.

पहिली फेरी

वर्गाचे चार गट केले. मुलांनीच नावं ठेवली: तवा, परात, चूल आणि दुरडी. प्रत्येक गटाने आजींची एक कडक भाकरी आणि आपापल्या घरची एक मऊ भाकरी आणायची, दोन्ही ताटलीत घालून वर्गाच्या फळीवर ठेवायच्या, पाच दिवस रोज बघायचं. मुलांनी आपला अंदाज वहीत तारखेनिशी लिहून ठेवला होता: मऊ भाकरीला तिसऱ्या दिवशी बुरशी येणार, कडक भाकरीला येणार नाही. अंदाज आधी लिहून ठेवणं फार महत्त्वाचं. नाहीतर निकाल दिसल्यावर "मला हेच वाटलं होतं" असं सगळ्यांनाच वाटतं.

पाच दिवस झाले. कडक भाकरीला बुरशी आली नाही. मऊ भाकरीलाही आली नाही.

फक्त परात गटाने "आली, आली" म्हणून ओरडा केला. त्यांच्या मऊ भाकरीच्या कडेला पांढरे डाग होते. मी भिंग दिलं. बुरशी असेल तर बारीक कापसासारखे तंतू दिसतात. इथे दिसत होते कोरडे कण, बोटाच्या टोकाला लागणारे. थापताना लावलेलं पीठ होतं ते. त्या मुलांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना बुरशी दिसायला हवी होती, म्हणून ती दिसली. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हे चुकत नाही, म्हणूनच ते आपल्या डोळ्यांवर पहारे बसवतात. आम्हीही त्या दिवसापासून नियम केला की दोन मुलांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांना न विचारता लिहायचं आणि मगच वह्या जुळवायच्या.

अडचण

प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन, पालक येणार, आणि आमच्या तक्त्यावर लिहायचं काय? मुलं हिरमुसली. एक मुलगी म्हणाली, "बाई, आपला प्रयोग फेल गेला."

प्रयोगाकडे नीट बघितल्यावर त्यातल्या फटीही दिसू लागल्या. चार घरच्या मऊ भाकऱ्या चार जाडीच्या होत्या. आजी कडक भाकरीत मीठ आणि वरून तीळ घालतात, घरच्या मऊ भाकरीत बहुतेकांकडे मीठ नव्हतं. म्हणजे समजा फरक पडला असता, तरी तो भाजण्याने की मिठाने की तिळाने, हे सांगताच आलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारं सारखं ठेवायचं, हा नियम मी दर वर्षी शिकवते. घाईत मीच तो सोडला होता.

समोरचे पर्याय

वर्गात चर्चा केली. तीन सूचना आल्या.

पहिली अशी की तक्त्यावर "मऊ भाकरीला बुरशी येते" असं लिहून टाकायचं. सगळ्यांच्या घरचा अनुभव तसाच आहे, त्यामुळे खोटं काहीच नाही. दुसरी, एक मऊ भाकरी ओली करून पिशवीत कोंबायची, दोन दिवसांत बुरशी येईल, ती प्रदर्शनात ठेवायची. तिसरी सूचना एका अबोल मुलाची. जे झालं ते लिहायचं आणि खाली प्रश्नचिन्ह काढायचं.

पहिल्या सूचनेला बरेच हात वर झाले. मी मुलांना शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांच्याबद्दल सांगितलं. १९२१ मध्ये बोटीच्या प्रवासात समुद्राचा निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला. ज्या शोधासाठी आपण हा दिवस पाळतो तो लागला २८ फेब्रुवारी १९२८ ला. मध्ये सात वर्षं गेली. आपल्याला प्रश्न पडून दोनच आठवडे झालेत.

दुसऱ्या सूचनेवर मात्र मी थोडी अडखळले, कारण त्यात एक चांगला प्रयोग दडलेला होता. भाकरी ओली करून कोंडणं यात चूक काहीच नव्हती. लोकांना ती "अशीच फळीवर ठेवली होती" असं भासवणं चूक होतं. हा फरक मुलांना समजावायला अर्धा तास गेला. तो अर्धा तास कारणी लागला.

शेवटी तिसरी सूचना मान्य झाली.

काट्यावर काय दिसलं

तक्ता तयार करताना चूल गटाच्या वहीत एक गोष्ट सापडली. त्या गटातल्या एका मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. मुलाने हौसेने छोटा डिजिटल काटा आणला होता आणि रोज दोन्ही भाकऱ्या तोलल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. मऊ भाकरी पहिल्या दिवशी ११८ ग्रॅम, तिसऱ्या दिवशी ७९, पाचव्या दिवशी ७५. कडक भाकरी सुरुवातीपासून ७२ च्या आसपास.

तो मुलगा ती भाकरी उचलून दोन्ही हातांनी मोडायला गेला. काडकन आवाज झाला. "बाई, ही पण कडकच झाली की!"

वर्ग गप्प झाला. फेब्रुवारीअखेरची सोलापूरची कोरडी हवा, डोक्यावर फिरणारा पंखा, उघडी ताटली. मऊ भाकरीतलं चाळीसेक ग्रॅम पाणी हवेने ओढून घेतलं होतं. बुरशीला जम बसवायला जेवढे दिवस लागतात, त्याआधीच भाकरी वाळली. म्हणजे प्रयोग फसला नव्हता. आम्ही विचारलेल्या प्रश्नापेक्षा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर तो देत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी हाच तक्ता लावला, प्रश्नचिन्हासकट. आलेल्या एका आजीबाईंनी वाचून घेतला आणि म्हणाल्या, "ह्या दिवसांत भाकरी वाळती, बुरशी कुठली यायची? भादव्यात ठेवून बगा." त्यांचं वाक्य आम्ही वहीत लिहून घेतलं. आपल्या प्रयोगाची पुढची फेरी कुठे न्यायची, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

दुसरी फेरी

मार्चमध्ये नव्याने मांडणी केली. आता प्रश्नही बदलला. "कोणत्या भाकरीला बुरशी येते" याऐवजी "भाकरीत पाणी किती असलं की बुरशी येते" असं विचारलं. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पीठ एकच, हात एकच. आजींनी शाळेसाठी एकाच परातीत, मीठ आणि तीळ न घालता पीठ मळलं. सारख्या वजनाचे गोळे केले, निम्म्यांच्या मऊ आणि निम्म्यांच्या कडक भाकऱ्या केल्या. प्रत्येक भाकरीचे चार तुकडे केले, एकेका गटाला एकेक. त्यामुळे भाकरी थोडी जाड किंवा पातळ असली तरी सगळ्यांच्या वाट्याला तीच आली.

झिप लावायच्या पारदर्शक पिशव्यांत चार प्रकार ठेवले. मऊ तुकडा तसाच. कडक तुकडा तसाच. कडक तुकड्यावर मोजून चमच्याने पाणी शिंपडलेला, म्हणजे वजन मऊ तुकड्याएवढं होईल इतकं. आणि मऊ तुकडा आधी पाच दिवस उघड्यावर वाळवून मग पिशवीत घातलेला.

हा चौथा प्रकार एका मुलीच्या शंकेतून आला. तिचं म्हणणं होतं की बुरशी पिशवीत कोंडल्याने येते, पाण्याने नाही. शंका रास्त होती. अशा शंकेला उत्तर देण्याची रीत जुनी आहे. इटलीतल्या फ्रान्सिस्को रेदी यांनी १६६८ मध्ये मांसात अळ्या कुठून येतात हे तपासलं. त्या काळी लोक मानत की सडक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात. रेदींनी काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही बंद केल्या. बंद बरण्यांत अळ्या झाल्या नाहीत. पण कुणी म्हणेल, आत हवा गेली नाही म्हणून झाल्या नाहीत. तेव्हा त्यांनी आणखी काही बरण्यांवर नुसतं बारीक जाळीदार कापड बांधलं. हवा आत जाईल, माशी जाणार नाही. त्यांतही मांसावर अळ्या झाल्या नाहीत. शंका आली की वाद घालत बसण्याऐवजी एक बरणी वाढवायची. आम्ही एक पिशवी वाढवली.

याच सुमाराला एका पालकांचा निरोप आला: मुलांना अन्न नासवायला का शिकवता? राग समजण्यासारखा होता. भाकरीसाठी किती कष्ट पडतात हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून प्रयोगाला लागतील तेवढेच तुकडे घेतले. उरलेल्या भाकऱ्या त्याच दिवशी वर्गाने शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खाल्ल्या. हे मी पहिल्या फेरीतच करायला हवं होतं.

सुरक्षिततेचे नियम कडक ठेवले. पिशवी एकदा बंद केली की उघडायची नाही, वास घ्यायचा नाही. वर्गात एकाला दमा आहे, त्याच्याकडे पिशव्यांऐवजी नोंदींचं काम दिलं. सात दिवसांनंतर सगळ्या पिशव्या न उघडता दुसऱ्या पिशवीत घालून, गाठ मारून मीच टाकल्या. घरी बुरशी आलेली भाकरी वरवर खरवडून खाऊ नका हेही सांगितलं, कारण तंतू आतवर गेलेले असतात आणि ते दिसत नाहीत.

निकाल

मऊ तुकडा: चारही पिशव्यांत बुरशी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट-काळे ठिपके, आणि भिंगातून बघितलं की त्यावर कापसासारखी लव.

कडक तुकडा: एकाही पिशवीत नाही.

वाळवून मग कोंडलेला मऊ तुकडा: एकाही पिशवीत नाही.

पाणी शिंपडलेला कडक तुकडा: चारपैकी तीन पिशव्यांत बुरशी.

कडक भाकरीला पाणी मिळालं की तिलाही बुरशी येते. तेव्हा भाजल्याने तिच्यात कायमचं काही संरक्षण तयार झालं, असं म्हणता येत नाही. मीठ आणि तीळ यांपैकी काहीही नसताना कडक तुकडा टिकला, त्यामुळे टिकण्यासाठी त्यांची गरज नाही हेही कळलं. मऊ आणि कडक दोन्ही आजींच्याच हातच्या होत्या, तरी फरक पडला. हाताच्या गुणाचं गृहीतकही तिथेच मिटलं. आजींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, भाकरी सारखी कडक शेकायला तर हात लागतोच. तेही खरं आहे.

चौथी पिशवी दुरडी गटाची. तिथे पाणी शिंपडूनही बुरशी आली नाही. मुलं म्हणाली, ही सोडून देऊ, म्हणजे निकाल सरळ होईल. मी नाही म्हटलं. निकाल आवडला नाही म्हणून नोंद खोडायची नाही, हा नियम. पण कारण शोधायला हरकत नव्हती. वजनाची वही काढली. त्या पिशवीचं वजन रोज उतरत गेलं होतं, बाकीच्यांचं जवळपास तेवढंच राहिलं होतं. झिप एका टोकाला उघडी होती आणि पाणी उडून गेलं होतं. आम्ही निकालात "चारपैकी तीन" असंच लिहिलं आणि खाली कारण जोडलं.

भादव्यातली फेरी

सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. तोवर मुलं आठवीत गेली होती. आजीबाईंच्या वाक्याची आठवण त्यांनीच करून दिली. पहिल्या फेरीसारख्याच भाकऱ्या उघड्या ताटलीत ठेवल्या, पण या वेळी एकाच हातच्या, आणि वेळेअभावी प्रत्येकी दोनच.

झड लागलेली होती. मऊ भाकरी वाळलीच नाही आणि चौथ्या दिवशी दोन्ही मऊ भाकऱ्यांवर ठिपके आले. कडक भाकरी सादळली, ७२ ग्रॅमवरून ७९ वर गेली, मोडताना काडकन आवाज होईना, वातड लागू लागली. पण आठवडाभर बुरशी आली नाही. तीच शाळा, तीच फळी, तशीच मऊ भाकरी. फेब्रुवारीत एक उत्तर, सप्टेंबरात दुसरं. आजी उन्हाळ्यातही भाकऱ्या डब्यात घट्ट झाकून का ठेवतात, असा प्रश्न एका मुलाने आता स्वतःहून विचारला.

सगळेच प्रश्न असे ताटलीत ठेवून सुटत नाहीत, हेही इथे सांगायला हवं. आपल्याजवळ नान्नजच्या माळरानावर माळढोकाचा अभ्यास करणारे लोक पक्ष्यांचे दोन गट करून एका गटाचं गवत काढून घेऊ शकत नाहीत. ते दूर बसून वर्षानुवर्षं मोजतात, नोंदी ठेवतात, एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करतात. कधी शोध दुर्घटनेपासून सुरू होतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. रोग कोणता ते कळेना. तपास करणारे पक्ष्यांच्या खाद्यापर्यंत पोचले आणि तिथून त्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. त्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीने विष तयार केलं होतं. पुढे त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. खवट, काळपट शेंगदाणे निवडून टाकण्याची घरची सवय किती शहाणपणाची आहे, हे मी ही गोष्ट सांगितली त्या दिवशी वर्गात सगळ्यांनी मान डोलवून कबूल केलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या फेरीआधी एक दिवस फक्त "यात काय काय सारखं नाही" हे शोधण्यात घालवीन. तो दिवस वाचवायला गेले आणि दोन आठवडे घालवले.

वजन पहिल्या दिवसापासून चारही गटांना करायला लावीन. आमचं नशीब की एका मुलाने हौसेने काटा आणला. तो आणला नसता, तर वाळलेल्या भाकरीचा अर्थ लागायला किती वेळ गेला असता कुणास ठाऊक.

हवेतला ओलावा आम्ही मोजलाच नाही, नुसतं "कोरडी" आणि "दमट" म्हणत राहिलो. भादव्यातल्या फेरीत दोन-दोनच भाकऱ्या होत्या, त्यावरून फार ठाम बोलू नये. बुरशीचे बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवी बुरशी उगवते ते बारीक कण, भाकरीवर कुठून येतात, हवेतून, हातावरून की पिठातूनच, हे तर आमच्या प्रयोगाने तपासलेलंच नाही. मुलांनी तक्त्यावर "हे आम्हाला माहीत नाही" असा वेगळा रकाना केला आणि त्यात हा प्रश्न सर्वांत वर लिहिला.

त्याखाली दुसरा प्रश्न त्याच मुलाचा आहे, ज्याने फेब्रुवारीत सुरुवात केली होती: आधी वाळवलेली मऊ भाकरी भादव्यात उघडी ठेवली, तर ती कडक भाकरीसारखी टिकेल की परत मऊ होऊन खराब होईल? आजींनी पीठ द्यायचं कबूल केलं आहे. या सप्टेंबरात काटा, भिंग आणि आठ ताटल्या तयार असतील.